दुष्काळात तेरावा रिचार्ज

"राशनच्या रांगेत उभे राहतात, पण मोबाईल मात्र प्रत्येकाच्या हातात!"

हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. कधी बँकेच्या रांगेत, कधी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, आणि कधी आपल्यातूनच शिकून सोसायटीत राहायला गेलेल्या पाहुण्यांच्या तोंडून. बोलणाऱ्याच्या हातातही मोबाईलच असतो, पण त्याचा मोबाईल ही गरज आणि आपला मोबाईल ही चैन, असा हा हिशोब आहे. गरिबाने काय खावे, काय नेसावे, कशावर खर्च करावा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मानणाऱ्यांची ही जुनी सवय आहे. वस्तू बदलली, सवय तीच राहिली.

या टोमण्याला उत्तर द्यायलाच हवे. पण आम्हाला इथे एक दुसराही प्रश्न विचारायचा आहे, आणि तो आपल्याच माणसांना विचारायचा आहे. आठ-दहा हजारांच्या फोनमध्ये आपण जो रिचार्ज मारतो, तो विचार करून मारतो का? दुकानदाराने "हा मारू का?" विचारायचे आणि आपण "मारा" म्हणायचे, एवढ्यावरच वर्षाला तीन-चार हजार रुपये जातात. घरात तीन फोन असतील तर दहा-बारा हजार. ज्या घरात मुलीच्या परीक्षा फीसाठी हातउसने घ्यावे लागतात, तिथे हा खर्च "त्यात काय बघायचे" म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आधी एक प्रसंग सांगतो. जालना जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी. औरंगाबादला विद्यापीठाच्या जवळ तिघी मिळून खोली करून राहतात. आईवडील ऊसतोडीला जातात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली तेव्हा ओटीपी येईना. तिचे आधार जोडलेले होते वडिलांच्या एका जुन्या नंबरला. ते सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये होते, आणि कारखान्यावर गेल्यावर "दोन-दोन रिचार्ज कशाला" म्हणून वडिलांनी तो नंबर सोडून दिला होता. नंबर बंद झाला आणि पोर्टलचा दरवाजाही बंद झाला. आमच्यातल्या एकाला तिचा फोन आला, "दादा, ओटीपी कुणाच्या फोनवर जातोय तेच कळेना." आधार केंद्रावर दोन खेपा, नवा नंबर जोडेपर्यंतची वाट, आणि मुदत संपायला दोन दिवस असताना अर्ज भरला गेला. वाचली. पण वाचली ती नशिबाने. तिच्या वर्षभराच्या शिक्षणापुढे उभा होता तो एक न मारलेला रिचार्ज.

म्हणून आम्ही म्हणतो, फोन चैन नाही. नाक्यावरच्या मजुराला ठेकेदाराचा फोन, आशाताईला वरिष्ठांचे मेसेज, विद्यार्थ्याला हॉल तिकीट, म्हाताऱ्याला पेन्शन जमा झाल्याचा एसएमएस, हे सगळे त्याच नंबरवर येते. सरकारने सगळे दरवाजे मोबाईलमधून काढले आणि मोबाईलच्या दरवाजावर कंपन्यांना बसवले. आता आत जायचे तर दर २८ दिवसांनी पैसे मोजावे लागतात.

२८ दिवसच का? वर्षाचे महिने बारा. पण ३६५ ला २८ ने भागा, उत्तर १३ येते. म्हणजे "महिन्याचा" म्हणून विकला जाणारा प्लॅन वर्षातून तेरा वेळा घ्यावा लागतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच. त्याचा आणखी एक तोटा हिशोबात दिसत नाही. २८ दिवसांचा प्लॅन दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकतो. पगार, पेन्शन किंवा शिष्यवृत्ती ठरलेल्या काळात येते, पण रिचार्जची तारीख सरकत सरकत नेमकी महिनाअखेरीला, हात रिकामे असताना येऊन उभी राहते. मग हाताला लागेल तो छोटा पॅक मारला जातो, आणि छोटा पॅक नेहमी महाग असतो.

यावर नियम आहे, पण तो दुकानात कुणी सांगत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने घेता येईल असा ठेवलाच पाहिजे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांना आणि तसाच कॅलेंडर महिन्याचा प्लॅन ३१९ रुपयांना होता. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७. ३१९ गुणिले १२ म्हणजे ३,८२८. फरक वर्षाला फक्त ५९ रुपयांचा, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तारीख सरकत नाही, आणि मोजून जगणाऱ्या घरात तारीख न सरकणे याला किंमत आहे.

खरा फरक आहे तो एकरकमी पैसे असणारा आणि नसणारा यांच्यात. त्याच दरपत्रकात रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन ७९९ रुपयांना होता. दिवसाला साडेनऊ रुपये. २८ दिवसांचा घेतला तर दिवसाला पावणेअकरा. वर्षाला सुमारे ४२५ रुपयांचा फरक पडतो. आणि महिनाअखेरीला १९ रुपयांचा १ जीबीचा पॅक मारणाऱ्याला तोच जीबी मोठ्या प्लॅनच्या तिप्पट भावाने पडतो. चहापत्तीची पुडी, तेलाचे पाऊच, शॅम्पूची पुडी, सगळीकडे हेच गणित आहे. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला वस्तू महाग. वर प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के जीएसटी. २९९ मधले सुमारे ४६ रुपये सरकारचे. आयकर न भरणाऱ्यांना "तुम्ही कुठे टॅक्स भरता" म्हणणाऱ्यांनी हे ४६ रुपये आठवावेत. करोडपती आणि ऊसतोड कामगार, दोघांना एकच दर.

आता प्रश्न असा की या चौकटीत राहून आपण निवड कशी करायची. आम्ही वस्तीत तरुणांसोबत बसून जे करतो ते सांगतो. इथे दिलेले दर बदलतील, पण पद्धत बदलणार नाही.

पहिली गोष्ट, आधी स्वतःचा वापर मोजा. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर दिसतो. मागच्या २८ दिवसांचा आकडा काढा आणि २८ ने भागा. दीड जीबीचा प्लॅन घेऊन रोज अर्धा जीबी वापरत असाल, तर उरलेला जीबी रात्री बारा वाजता संपतो, तो तुमच्या खात्यात राहत नाही. तेव्हा तुम्ही सात रुपये जीबी नाही, एकवीस रुपये जीबी भावाने घेताय. असा वापर असेल तर २८ दिवसांना एकूण २ जीबी देणारा सर्वात कमी रकमेचा प्लॅन आणि गरजेपुरता वरचा डेटा, हे जोडून बघा. उलट रोज संध्याकाळी नेट रांगायला लागत असेल तर कोटा संपतोय असे समजा. कोटा संपल्यावर वेग बहुतेक ६४ केबीपीएसवर येतो, त्यावर धड फॉर्मही उघडत नाही.

दुसरी गोष्ट, डेटा कुठे जातो ते पहा. साधारणपणे ४८० च्या दर्जावर तासभर व्हिडिओला अर्धा जीबीच्या आसपास लागतो, ३६० वर त्याहून बराच कमी, आणि १०८० वर दीड जीबीच्या पुढे. फळ्यावर शिकवणारे स्पर्धा परीक्षेचे लेक्चर ३६० वर नीट दिसते. व्हॉट्सअॅपचे आपोआप डाउनलोड बंद करा, अॅपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा, डेटा सेव्हर चालू करा. एवढ्या तीन गोष्टींनी अनेकांना खालचा प्लॅन पुरतो.

तिसरी गोष्ट, प्लॅनच्या आधी रेंज. तुमच्या पत्र्याच्या खोलीत कोणाचा टॉवर पोचतो ते शेजाऱ्याच्या सिमवर दोन दिवस बघा. ट्रायचे मायस्पीड नावाचे अॅप वेग मोजते. फुकटात तिप्पट डेटा मिळाला आणि रेंज फक्त रस्त्यावर मिळाली, तर तो डेटा काय कामाचा? बीएसएनएलचे दर तुलनेने कमी आहेत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे स्वदेशी ४जी देशभर सुरू झाल्याची घोषणा झाली. सार्वजनिक कंपनी टिकावी असे आम्हालाही वाटते. पण बीएसएनएल ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर ४जी देते. तुमचा स्वस्त फोन ७०० चा बँड, म्हणजे बँड २८, पकडतो का ते आधी तपासा. भावनेवर सिम बदलू नका.

चौथी गोष्ट, ५जी च्या नावाला भुलू नका. जुलै २०२४ पासून अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनवर मिळू लागले. तुमचा फोन ४जी असेल, किंवा गावात ५जी चा टॉवरच नसेल, तर ते जादा पैसे कशाचे? तसेच सिनेमाच्या अॅपचे. घेताना "फुकट" वाटते, किंमत प्लॅनमध्येच असते. न मागता पैसे कापणाऱ्या सेवा चालू झाल्या असतील तर १५५२२३ वर स्टॉप असा एसएमएस करून बंद करता येतात.

पाचवी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट, नंबर मरू देऊ नका. आधार, बँक, शिष्यवृत्ती, जात पडताळणी, सगळे ज्याला जोडले आहे तो नंबर घरातल्या कागदपत्रांइतका जपा. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस कोणताच वापर नसेल तेव्हाच प्रीपेड नंबर बंद करता येतो. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या माणसाला दिला जातो. म्हणजे तुमचा ओटीपी उद्या अनोळखी माणसाच्या हातात. आईवडील कीपॅड फोन वापरत असतील तर त्यांना डेटाचा प्लॅन मारूच नका. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि जानेवारी २०२५ पासून ८४ दिवसांचे असे पॅक साडेचारशे रुपयांच्या आसपास मिळू लागले. दुकानदार आपण होऊन दाखवत नाही. नाव घेऊन मागा. कंपनी बदलायची असेल तर पोर्ट, जागा सोडून नंबर, असा एसएमएस १९०० वर करा. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. तक्रारीसाठी १९८. तक्रार क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय पुढे अपील होत नाही.

इथपर्यंत कंपन्यांचे झाले. आता आपल्या घराकडे या.

घरात पैसे कमी पडले की कोणाचा रिचार्ज आधी थांबतो? आम्ही ज्या घरांत जातो तिथले उत्तर बहुतेक एकच असते. आईचा, मग मुलीचा. मुलाचा शेवटी. मुलगा रोज २ जीबी रील बघून संपवतो आणि बहीण नोट्स उतरवायला त्याचा हॉटस्पॉट मागते. तो देताना विचारतो, "कुणाशी बोलतेस?" घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, दर पौर्णिमेला वंदना होते, जयंतीला डीजेसाठी वर्गणी दिली जाते, आणि मुलीच्या हातात फोन दिला की ती बिघडेल ही भीतीही त्याच घरात आहे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत ना?

२०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयात फहीमा शिरीन या विद्यार्थिनीचे प्रकरण गाजले. वसतिगृहात मुलींना ठराविक वेळी फोन वापरायला बंदी होती. ती तिने मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. न्यायालयाने म्हटले की इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला लावले. पुढे जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून मत मांडण्याला घटनेच्या कलम १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. घटना मुलीच्या हातातला फोन हक्काचा मानते. मग आपण कोणत्या कायद्याने तो काढून घेतो? घरात एकच मोठा प्लॅन परवडत असेल तर तो शिकणाऱ्याच्या फोनवर मारा, आणि हॉटस्पॉट मागायची पाळी भावावर येऊ द्या.

काही मित्र म्हणतील, एवढा हिशोब करून वर्षाला पाचशे रुपये वाचले तर त्यात क्रांती कुठे झाली? बरोबर आहे. एकट्याने हिशोब करून फार काही बदलत नाही. कंपन्यांना ग्राहक एकटाच हवा असतो, दुकानाच्या काउंटरवर, घाईत. म्हणून पुढची पायरी सामूहिक आहे.

पहिला उपाय बचत गटाचा. ८४ दिवस म्हणजे बरोबर १२ आठवडे. ७९९ रुपये गटाने बिनव्याजी द्यायचे आणि आठवड्याला ६७ रुपयांनी परत घ्यायचे. एकरकमी नसल्यामुळे गरिबाला जो दंड पडतो, तो इथे संपतो. आठवडी मजुरीवर जगणाऱ्या बाईला हे सहज जमते.

दुसरा उपाय विहारातल्या अभ्यासिकेचा. साधे फायबर कनेक्शन महिन्याला ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१ रुपयांपासून मिळते. पंधरा मुलांनी वाटून घेतले तर माणशी ३२ रुपये. तिथे व्हिडिओ लेक्चर उतरवून घ्यायचे, फॉर्म भरायचे, आणि फोनमध्ये फक्त कमीत कमी रकमेचा प्लॅन ठेवायचा. सगळ्या वस्तीसाठी वायफाय करायचे असेल तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात वायफाय केंद्र चालवायला परवाना किंवा परवाना शुल्क लागत नाही. जयंतीच्या एका दिवसाच्या साउंडच्या भाड्यात अभ्यासिकेचे अनेक महिने निघतात. जयंती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एक साउंड कमी करा एवढेच म्हणतो.

तिसरा उपाय मागणीचा. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात चालणारे वायफाय हवे. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर नंबर बंद झालेल्या विद्यार्थ्यासाठी ओटीपीला पर्याय हवा. दिवसाचा न वापरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळाला पाहिजे. पैसे घेतलेला माल मध्यरात्री परत घेणे हा कुठला व्यापार? आणि ३० दिवसांचे व फक्त कॉलचे प्लॅन प्रत्येक दुकानात लिहून लावले पाहिजेत. ट्राय नियम करण्याआधी लोकांची मते मागवते. तिथे कंपन्यांचे वकील लिहितात, आपणही लिहिले पाहिजे.

लिहून फरक पडतो का? २०१५-१६ आठवा. फेसबुकने फ्री बेसिक्स आणले होते. गरिबांना फुकट इंटरनेट, पण कंपनीने निवडलेल्या ठराविक साइटच. म्हणजे गावात यायला परवानगी, पण पाणवठा कुठला ते आम्ही ठरवणार. देशभरातून लाखो लोकांनी ट्रायला लिहिले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यावर बंदी घातली. महाडच्या तळ्याचा अर्थ ज्याला कळला, त्याला हा निर्णयही कळतो. प्रश्न फुकट की विकत हा नव्हता. सगळ्यांना सारखे, हा होता.

शेवटी एक आपल्यासाठी. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाला, कारण आपले म्हणणे छापायला कोणी तयार नव्हते. पैशाअभावी पत्रे बंद पडत गेली, तरी बाबासाहेब पुन्हा पुन्हा नवे पत्र काढत राहिले. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे आणि त्याची शाई म्हणजे हा डेटा. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन आणि भाषणांचे खंड मोफत उतरवता येतात. तासभराच्या रीलला लागतो त्यापेक्षा कमी डेटात एक खंड येतो. शाई महाग झाली आहे, ती स्वस्त व्हावी म्हणून लढू. तोवर आहे ती कशावर सांडतो, तेही बघू.

या आठवड्यात एकच काम करा. घरातल्या प्रत्येक नंबरची एक यादी करा. कोणत्या नंबरला आधार आहे, कोणाची मुदत कधी संपते, कोण किती डेटा वापरतो. ती यादी दाराच्या मागे चिकटवा. त्यात आईचा नंबर सगळ्यात वर लिहा.

जय भीम.